गरजांची उतरंड : एक प्रस्तावना

औषध देणारा पंप असो की अवकाशयान, कोणतीही मोठी यंत्रणा आधी कागदावर उभी राहते. तिने काय करायला हवे हे सांगणारी शेकडो, कधी हजारो विधाने लिहावी लागतात. अभियांत्रिकीत त्यांना रिक्वायरमेंट, म्हणजे गरजा, म्हणतात. ती नेमकी लिहिण्याइतकेच ती योग्य पातळीवर ठेवणे मोलाचे असते. वाचकांनी या विषयाकडे केवळ कागदपत्रांची आवराआवर म्हणून पाहू नये, एवढीच सुरुवातीला विनंती.

आयएसओ २९१४८ हे मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यातली मांडणी स्थूलमानाने अशी : वर संबंधित माणसांच्या गरजा, त्याखाली संपूर्ण यंत्रणेच्या, त्याखाली सॉफ्टवेअरच्या. ‘रुग्णाला जादा औषध जाऊ नये’ ही पहिली पातळी. ‘ठरलेला वेग ओलांडताच पंप थांबावा’ ही दुसरी. वेग किती वेळाने मोजायचा, हे तिसरीवर येते. कोणत्याही विधानापासून वर गेलात की ‘कशासाठी’ याचे उत्तर मिळते, खाली गेलात की ‘कसे’ याचे.

पातळ्यांमधला हा दुवा तुटला तर काय होते? २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ हरवले. आवेगाचे आकडे न्यूटन-सेकंदांत हवेत, असे इंटरफेसच्या दस्तऐवजात लिहिलेले होते. पृथ्वीवरच्या प्रोग्रॅमने ते पाउंड-सेकंदांत दिले. गरज कागदावर होती, पण ती प्रोग्रॅमपर्यंत पोहोचली की नाही हे कोणी नीट पडताळले नाही.

नवख्या वाचकांनी सगळी उतरंड एकदम समजून घेण्याचा आग्रह धरू नये. तळातले एक विधान उचला आणि त्याची वरची गरज शोधा. ती सापडली नाही, तर ते विधान अनावश्यक असेल किंवा रचना करताना नव्याने निर्माण झालेले असेल. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीचे डीओ-१७८सी हे मानक अशा दुसऱ्या प्रकारच्या विधानांना वेगळे ओळखते आणि ती सुरक्षा-मूल्यमापनाकडे पाठवायला सांगते. आणखी एक पथ्य पाळा : प्रकरणाचा क्रमांक हीच विधानाची ओळख मानू नका. मजकूर हलला की क्रमांक बदलतो. म्हणून प्रत्येक विधानाला कायमचा संकेतांक द्या.

असे दस्तऐवज लिहिणाऱ्यांचे मोठेपण काळाच्या ओघात कळते. अनेक वर्षांनी आलेला एखादा अभियंता जुना नियम काढून टाकू पाहतो, तेव्हा तो नियम कोणाच्या जिवासाठी होता, हे त्याला तिथेच वाचायला मिळते.