हार्बरवरची वीज

आपण गल्लीतल्या ज्या रोहित्राला डीपी म्हणतो, त्याला प्रत्यावर्ती धाराच लागते. धारा सतत बदलते, म्हणून चुंबकत्व बदलते आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते. एकाच दिशेने वाहणाऱ्या दिष्ट धारेपुढे ते निरुपयोगी.

तरीही देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या हार्बर मार्गावर व्हीटी ते कुर्ला धावली, ती १५०० व्होल्ट दिष्ट धारेवर. निवड अडाणीपणाची नव्हती. त्या काळी दिष्ट धारेची मोटर आवरायला सोपी होती. पण दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा, तारा जाड, उपकेंद्रे जवळजवळ.

पुढे २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती धारा आली. तेवढ्याच शक्तीला प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरला. दाब उतरवायला रोहित्र गाडीतच बसले.

मुंबईत दिष्ट धारेवरची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. तीही हार्बरवरच.