वॉर्म स्प्रिंग्जचं कोमट पाणी

मागच्या वेळी आपण शरीर आणि मन यांच्या द्वैतापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घेऊन जरा पाण्यात उतरू.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाला. वय ३९. दोन्ही पायांतलं बळ गेलं. एक पोलिओग्रस्त तरुण जॉर्जिया राज्यातल्या झऱ्यात पोहून पोहून सुधारला, असं कानावर आलं आणि १९२४ मध्ये ते वॉर्म स्प्रिंग्जला पोचले. तिथलं पाणी सुमारे ३१ अंश सेल्सियस. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखं चटका देणारं नव्हे, नुसतं कोमट.

आता आपण विचारू, त्या पाण्यात औषध काय होतं? पोलिओवर औषध असं काहीच नव्हतं. पण माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, की पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. जमिनीवर जो स्नायू स्वतःचा पायसुद्धा उचलू शकत नाही, त्याला इथं थोडं हलता येतं. पाणी कोमट, म्हणून अंग सैल पडतं, गारठत नाही; व्यायाम बराच वेळ चालतो. आर्किमिडीजचाच नियम, दुसरं काय!

१९२६ मध्ये रूझवेल्टनी ते सगळं ठिकाण विकत घेतलं, पुढच्या वर्षी संस्था स्थापन केली. स्वतः तलावात उतरून इतरांना व्यायाम शिकवायचे. रोगी त्यांना कौतुकानं डॉक्टर म्हणत. ते स्वतः मात्र आधाराशिवाय पुन्हा कधी चालले नाहीत. मग १९४५ मध्ये तिथंच प्राण जाईपर्यंत ते पुन्हा पुन्हा का जात राहिले? आम्हाला वाटतं, बाहेर जे पाय लोकांपासून लपवावे लागत, ते इथं लपवावे लागत नव्हते. तलावात सगळ्यांचेच पाय तसे.

सगळ्यांचे म्हणताना मात्र आपण चुकतो. कृष्णवर्णीय माणसं तिथं कामाला होती. रोगी म्हणून त्यांना प्रवेश नव्हता. त्यांच्या मुलांसाठी वेगळं पोलिओ केंद्र अलाबामात टस्कीगीला उघडलं, ते १९४१ मध्ये. म्हणजे संस्था निघाल्यावर चौदा वर्षांनी. पोलिओत सुरुवातीचे महिने किती मोलाचे असतात, हे वॉर्म स्प्रिंग्जच्या लोकांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?