रस्ता सर्वांचा, मोबदला सातबाऱ्याचा

सोलापूर, धाराशिव, बीड, गेवराई, औरंगाबाद, कन्नड, चाळीसगाव, धुळे असा जाणारा महामार्ग जुन्या माणसांना २११ म्हणून माहीत आहे. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो राष्ट्रीय महामार्ग ५२ मध्ये आला. हा ५२ पंजाबातल्या संगरूरहून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जातो. गेवराई सोडली की शहागडला गोदावरी ओलांडून तो जालना जिल्ह्यात शिरतो.

या रस्त्याचा इतिहास सांगताना क्रमांक, पूल आणि टोलनाके सांगितले जातात. पण रस्ता कोणाचा, हा प्रश्न आम्ही विचारतो.

मित्रहो, रस्त्यावर चालण्याचा हक्कही या देशात लढून मिळवावा लागला. १९२४ मध्ये वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांसाठी. वाटसरूला वाट दाखवणे, अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणे ही आमच्या पूर्वजांची वेठ होती. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत 'रस्ते' हा शब्द मुद्दाम आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातल्या खेड्यांतली पोरे शिकायला नागसेनवनाकडे निघाली. या प्रदेशातल्या रस्त्यांचा खरा इतिहास तिथून सुरू होतो, असे आमचे मत आहे.

गेल्या दशकात चौपदरीकरण झाले. जमिनी गेल्या, मोबदला आला. पण मोबदला सातबारा बघून मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने रस्त्यात गेलेल्या त्याच रानात आयुष्यभर खुरपले असले तरी त्याला काय मिळाले? गायरान कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसेल, तर तो 'अतिक्रमणधारक' ठरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्याने ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. रस्ता रुंद झाला, त्यांचे स्थलांतर थांबले नाही.

कोणी म्हणेल, कायदाच तसा आहे. तसे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारा आणि ज्याची उपजीविका बुडते तो भूमिहीन शेतमजूरही त्यात येतो. त्यातल्या पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू आहेत.

म्हणून पुढच्या प्रत्येक भूसंपादनात आमची मागणी एकच असेल: मोजणी जमिनीची करता, तशी राबणाऱ्या हातांचीही करा. ग्रामसभेत उभे राहा आणि बाधित मजूर कुटुंबांची यादी लेखी मागा.

जय भीम!