द्विप्रणाली संगणक
द्विप्रणाली संगणक : एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन स्वतंत्र परिचालन प्रणाली स्थापून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था. विंडोज न काढता लिनक्स अजमावून पाहणाऱ्यांनी बहुधा हाच मार्ग अनुसरला.

लिनक्सचा जन्मही अशाच सहवासात झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्‌स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी या प्रणालीची वार्ता प्रथम जाहीर केली, तेव्हा त्यांच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती. पुढे त्यांच्याच हातून चुकून मिनिक्सचा भाग पुसला गेला आणि लिनक्स तेवढी उरली. नवशिक्यांना वाटणारी धास्ती अगदीच निराधार नव्हती, हे यावरून दिसते.

आयबीएम धर्तीच्या संगणकात हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत प्रारंभक आज्ञा व चार प्रमुख पार्टिशनांची सारणी असे. विंडोज ही जागा आपलीच मानून स्थापनेच्या वेळी तेथे स्वतःच्या आज्ञा लिही. त्यामुळे आधी घातलेली लिनक्स डिस्कवर शाबूत असूनही दिसेनाशी होई. म्हणून प्रथम विंडोज व नंतर लिनक्स हा क्रम रूढ झाला. लिनक्सचे लिलो व नंतरचे ग्रब हे प्रारंभक मात्र पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे मांडीत. खरी जोखीम पार्टिशन लहान करण्यात होती. त्या क्षणी वीज गेली, तर साठविलेला मजकूर कायमचा नष्ट होण्याचा संभव असे.

बुलढाणा जिल्ह्यासारख्या भागात ही जोखीम पुस्तकी नव्हती. शेगाव येथे १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला युनिक्स पद्धतीच्या प्रणालीची ओळख आवश्यक. उलट २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून गावोगावी पोहोचलेले संगणक-शिक्षण विंडोजवर आधारलेले होते. घरी संगणक असलाच तर एकच, आणि या दोन्ही गरजा त्यावरच भागवावयाच्या. त्यात त्या दशकात राज्याच्या ग्रामीण भागात भारनियमन तीव्र होते. लिनक्सच्या एक्स्ट-२ या जुन्या फाइल व्यवस्थेत अचानक वीज गेल्यास पुढच्या वेळी साऱ्या डिस्कची दीर्घ तपासणी होई. नोंदवही ठेवणारी एक्स्ट-३ व्यवस्था २००१ च्या अखेरीस मूळ लिनक्समध्ये आली आणि हा खोळंबा पुष्कळच कमी झाला. भारनियमनाच्या प्रदेशात ही सुधारणा कोणत्याही नेत्रसुखद पडद्यापेक्षा मोलाची ठरावी.

इतर अडचणी किरकोळ, पण चिवट होत्या. संगणकाचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेनुसार, तर लिनक्स बहुधा जागतिक वेळेनुसार वाची; त्यामुळे लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडे. स्वस्त अंतर्गत मोडेम विंडोजच्याच आज्ञावलीवर चालत. ते लिनक्समध्ये बहुधा निरुपयोगी ठरत व आंतरजालावर जाण्यासाठी पुन्हा विंडोजकडे वळावे लागे. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर लिनक्समधून निर्धास्तपणे लिहिण्याची सोय एनटीएफएस-३जी मुळे २००७ च्या सुमारास झाली. तोपर्यंत सामायिक मजकुरासाठी फॅट पद्धतीचे वेगळे पार्टिशन ठेवीत.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून खोल होता. जुन्या मराठी टंकांत अक्षरांना प्रत्येक निर्मात्याने आपापले संकेत दिलेले असत. तो टंक नसलेल्या संगणकावर अर्ज वा पत्र निरर्थक चिन्हांसारखे दिसे. दोष लिनक्सचा नव्हता. एका विंडोज संगणकावरून दुसऱ्यावर जातानाही तीच गत होई. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. लोहित देवनागरीसारखे मुक्त टंक, इंडलिनक्ससारखे भाषांतराचे उपक्रम आणि १९८६ मध्ये ठरविण्यात आलेला इन्स्क्रिप्ट कळफलक यांच्या आधारे लिनक्सवर मराठी वापरणे शक्य झाले. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स २००७ मध्ये प्रसृत झाली.

सीडीवरूनच चालणाऱ्या नॉपिक्समुळे (२०००) डिस्कला हात न लावता लिनक्स पाहता येऊ लागली. उबुंटूच्या (२००४) सीडी २०११ पर्यंत मागणी केल्यास टपालाने विनामूल्य मिळत, त्यामुळे धीम्या आंतरजालाच्या गावांतही ती पोहोचू शकली. २०१२ मध्ये विंडोज-८ बरोबर रूढ झालेल्या सुरक्षित प्रारंभ पद्धतीने काही काळ नवे अडथळे आणले. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनेच विंडोजच्या आत लिनक्सची साधने चालविण्याची सोय केली असून, आज्ञावली लिहिण्यापुरती लिनक्स हवी असणाऱ्यास पार्टिशन करण्याची गरज आता उरलेली नाही.