वाळवंट : केवळ वाळूचा प्रदेश नव्हे

चंद्रभागेचे वाळवंट वारकऱ्यांच्या ओळखीचे आहे. तेथे ‘वाळवंट’ म्हणजे नदीकाठचा वाळूचा विस्तार. भूगोलात मात्र वाळवंट वाळूवरून नव्हे, तर पर्जन्यमानावरून ठरते. सर्वसाधारणपणे वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश वाळवंट मानला जातो. म्हणूनच बर्फाच्छादित अंटार्क्टिकाही शीत वाळवंट ठरते. जगातील वाळवंटी क्षेत्रापैकी वाळूने झाकलेला भाग सुमारे एक पंचमांशच आहे.

सुमारे 90 लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या सहारात याची साक्ष भाषेतच सापडते. तेथे वाळूच्या सागराला ‘अर्ग’, खडेगोट्यांच्या मैदानाला ‘रेग’ आणि उघड्या खडकाळ पठाराला ‘हमादा’ अशी वेगवेगळी नावे आहेत. सहाराचा बहुतांश भाग रेग व हमादा यांनीच व्यापला आहे.

वाळूच्या टेकड्यांचे आकार मुख्यतः वाऱ्याची दिशा, वाळूचा पुरवठा आणि वनस्पती यांवर अवलंबून असतात. वारा एकाच दिशेने वाहत असेल आणि वाळू मर्यादित असेल, तर चंद्रकोरीसारखी ‘बारखाण’ तयार होते. तिचा वाऱ्याकडील उतार मंद, तर मागील उतार तीव्र असतो आणि दोन्ही टोके वारा जातो त्या दिशेला वळलेली असतात. वारा अनेक दिशांनी वाहत असेल, तर ताराकृती टेकड्या उभ्या राहतात. आफ्रिकेतील नामिब वाळवंटात काही टेकड्या 300 मीटरपेक्षाही उंच आहेत.

वारा रचतो तसाच झिजवतोही. उडत्या वाळूचा मारा जमिनीलगत अधिक असल्याने काही खडकांचा पायथा झिजतो, माथा रुंद राहतो आणि ‘भूछत्र खडक’ तयार होतो. इराणमधील लूत वाळवंटात वाऱ्याने कोरलेल्या, एकमेकींना समांतर अशा लांबलचक कटकांच्या रांगा आहेत. त्यांना ‘यारदांग’ म्हणतात. 2016 मध्ये लूतचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

वाळवंटातील कित्येक भूरूपे मात्र पाण्याने घडवली आहेत. पाऊस क्वचित येतो, पण उघड्या उतारांवर त्याला अडवणारे फारसे काही नसते. कोरड्या नदीपात्रांतून, म्हणजे ‘वादीं’तून, अचानक लोंढा येतो. डोंगराच्या पायथ्याशी वेग मंदावताच पाणी गाळ टाकते आणि पंख्याच्या आकाराचे मैदान तयार होते. सखल भागात साचलेले पाणी आटले की उरते मिठाचे पांढरे पटांगण, ‘प्लाया’. अमेरिकेच्या डेथ व्हॅलीत, समुद्रसपाटीपेक्षा 86 मीटर खाली, ही रूपे जवळजवळ पाहता येतात.

ही वर्गवारी केवळ पाठ्यपुस्तकापुरती नाही. वादी कोरडी दिसली, तरी तिच्या पात्रात मुक्काम करणे जिवावर बेतू शकते. दूरच्या डोंगरातील पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येऊन थडकतो. राजस्थानातील थर वाळवंटात अन्वस्त आकाराच्या टेकड्या मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यांच्या भुजा वनस्पतींनी धरून ठेवलेल्या असतात. तेथील झाडोरा तोडला वा अतिचराईने संपला, तर स्थिरावलेली वाळू पुन्हा सुटते आणि शेते, विहिरी, रस्ते यांवर चालून येते. म्हणूनच 1959 पासून जोधपूर येथे कार्यरत असलेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने टेकड्या वनस्पतींच्या साहाय्याने स्थिर करण्यावर काम केले.

जैसलमेर परिसरातील शेतकऱ्यांनी ही जाण कित्येक पिढ्यांपूर्वीच वापरात आणली. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी सखल भागात बांध घालून अडवायचे आणि जिरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे, ही तेथील ‘खडीन’ पद्धत. परक्याला जो खडक ओसाड वाटतो, तोच तेथे शेताला पाणी पुरवतो. साऱ्या वाळवंटाला सरसकट ‘पडीक’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी पायाखालची जमीन वाळूची, खड्यांची, खडकाची की मिठाची, हे पाहावे लागते. तिथे कसे जगता येईल, हे त्यावरच ठरते.