अपस्मार आणि व्यायाम : मैदान वर्ज्य नाही

शाळेत खेळाचा तास सुरू झाला, की एखादा विद्यार्थी मैदानाच्या कडेला बसून राहतो. त्याला 'फिट्स' येत असल्याने पालकांनी खेळास मनाई केलेली असते. यामागे काळजी असते, हे खरे. परंतु सरसकट बंदीमुळे अशा मुलांचे नुकसानच अधिक होते.

मेंदूतील पेशींमध्ये अचानक अतिरिक्त विद्युतसंदेश निर्माण झाल्याने अपस्माराचा झटका येतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार असून, योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. मात्र, झटके थांबले तरी एकटेपणा, नैराश्य आणि 'आता पुन्हा कधी?' ही धास्ती जीवनाचा दर्जा खालावते.

भीती आणि वस्तुस्थिती

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६८ मध्ये अपस्मारग्रस्तांना अंगलटीच्या खेळांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला होता. १९७४ मध्ये ही भूमिका बदलण्यात आली. दम लागल्याने झटका येईल, ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. ईईजी तपासणीत रुग्णाला बसल्या जागी जोरजोराने श्वास घ्यायला लावल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व काहींना झटका येऊ शकतो. व्यायामात स्नायू हा वायू सतत तयार करीत असल्याने तशी घट सहसा होत नाही. श्रमाने झटका येणारे रुग्ण असतात, पण थोडे. औषधाची मात्रा चुकणे आणि अपुरी झोप ही झटक्याची अधिक नेहमीची कारणे होत.

व्यायामाने मनःस्थिती सुधारते, झोप चांगली लागते. काही औषधांमुळे वजन वाढते, काहींमुळे हाडे ठिसूळ होतात. त्यालाही आळा बसतो.

कोणता खेळ निवडावा?

अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये खेळांची तीन गटांत विभागणी केली.

* विशेष अतिरिक्त धोका नसलेले : धावणे, क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, नृत्य.
* मध्यम धोक्याचे : पोहणे, सायकलिंग, जिम्नॅस्टिक्स, घोडेस्वारी.
* मोठ्या धोक्याचे : गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग, मोटार शर्यती, पॅराशूट उडी.

झटक्यांचा प्रकार, ते किती काळ आलेले नाहीत आणि कोणत्या वेळी येतात, हे पाहून डॉक्टरांनी परवानगी द्यावी. पोहताना जाणकार व्यक्ती सोबत हवीच. सायकल चालवताना हेल्मेट हवे.

मैदानावर झटका आल्यास

रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, वेळ मोजावी. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवण्याचा उपयोग होत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास, शुद्ध न येता लगेच दुसरा आल्यास अथवा झटका पाण्यात आला असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स अपस्मार असूनही क्रिकेटमधील सर्वोत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक ठरला. प्रत्येक मूल ऱ्होड्स होणार नाही. पण संघात त्याला जागा मिळायला हवी. त्यासाठी पालकांनी विकार लपवण्यापेक्षा क्रीडाशिक्षकांना विश्वासात घेणे, हे पहिले पाऊल ठरेल.