डँडेलायन: एका तणाच्या मुळाचा इतिहास

डँडेलायन हे सूर्यफुलाच्या कुळातले, मूळचे युरोप-आशियातले बारमाही तण. त्याची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि पानांचे दाते बुडख्याकडे वळलेले असतात. मधून निघणारा दांडा बिनपानांचा व पोकळ असतो आणि त्यावर एकच पिवळे फूल येते. महाराष्ट्रात भाजीसाठी खुडली जाणारी पाथरीही याच कुळातली, पिवळ्या फुलांची आणि चिकाची. मात्र तिच्या दांड्याला फाटे फुटतात. डँडेलायनचे फूल पिकले की म्हाताऱ्या उडतात. खाली खोल सोटमूळ असते.

या रोपाला नाव मिळाले ते पानांवरून आणि गुणांवरून. ‘दाँ द लिओं’, म्हणजे सिंहाचा दात, या फ्रेंच शब्दांवरून इंग्रजी नाव आले. फ्रेंचमधले दुसरे नाव ‘पिसाँली’ अंथरुणात मुतण्यावरून पडले, कारण पाल्याने लघवी साफ होते असा समज होता. ‘टॅरॅक्सॅकम’ हे शास्त्रीय नाव अरबी वैद्यकग्रंथांतून लॅटिनमध्ये उतरले. त्याला जोडलेला ‘ऑफिसिनाले’ हा शब्द औषधविक्यांच्या कोठारातला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश औषधकोशात या मुळाची नोंद होती.

स्वयंपाकात कोवळा पाला फूल येण्याआधीच खुडत, कारण नंतर तो फार कडू होतो. मुळे धुऊन, चिरून, वाळवून भाजत आणि दळून कॉफीसारखी उकळत. युद्धकाळात खरी कॉफी दुर्मीळ झाली, तेव्हा हे पेय अनेक घरांत आले. उत्तर अमेरिकेत हे रोप युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर पोचले.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संशोधकांना कझाकस्तानच्या डोंगराळ भागात डँडेलायनच्याच ‘टॅरॅक्सॅकम’ वंशातली ‘कोक-सागिझ’ ही वनस्पती आढळली. ‘सागिझ’ म्हणजे चघळायचा डिंक. तिच्या मुळातल्या चिकात चांगल्या प्रतीचे रबर होते. १९४१पर्यंत सोव्हिएत संघात तिची लागवड सुमारे ६७ हजार हेक्टरांवर पोचली. १९४२मध्ये रबराच्या मळ्यांचा मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेनेही सोव्हिएत बियाणे आणून प्रयोग केले. जर्मनांनी आउशवित्सच्या रायस्को उपछावणीत कैद्यांना तिच्या लागवडीच्या कामाला जुंपले.

दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातल्या मळ्यांचे स्वस्त रबर पुन्हा मिळू लागले. त्यापुढे मूळ उपटून, कुटून काढलेले रबर परवडेना आणि १९५०च्या दशकात सोव्हिएत लागवडही थांबली. अलीकडे कॉन्टिनेन्टल या जर्मन कंपनीने याच मुळाच्या रबरापासून सायकलचे टायर बाजारात आणले आहेत.